डावीकडचा हं

४ तारीख, सोमवार

फुकट मिळालेल्या वस्तूचा खरा खर्च लिहून ठेवावा, म्हणजे पुढच्या वेळी हात आखडता राहतो. घरमालकाने टीव्हीखालच्या कपाटातला खेळाचा डबा दाखवून सांगितलं, आधीच्या भाडेकरूंनी नेला नाही, तुम्ही वापरा. त्याला लागलं ते असं: पेन्सिल सेल चार, लांब वायर एक, सोफा सरकवताना सोललेला माझा अंगठा, जावयाने पहिल्याच फटक्यात फोडलेला टेबलावरचा दिवा, आणि त्या दिव्यावरून लेकीने त्याला ऐकवलेलं अर्ध्या तासाचं.

तर आलो एकदाचा. चाळीस वर्षं चालवलेलं मोटर वाइंडिंगचं दुकान विकलं आणि लेकीकडे राहायला आलो. लेक-जावईही या तळमजल्यावरच्या तीन खोल्यांत गेल्याच महिन्यात आलेत. दोघं नोकरीला. नात सात वर्षांची. शाळेतून आल्यावर तिच्याकडे बघायला कोणी हवं होतं. तिला सगळे भिंगरी म्हणतात, एका जागी ठरेल तर शपथ.

खेळ मजेचा आहे. रिमोट मनगटाला पट्टीने अडकवायचा, टीव्हीसमोर उभं राहायचं आणि रॅकेट समजून हवेत फटके मारायचे. पडद्यावरचा बाहुला तसाच मारतो. चेंडूचा टप्प आवाज रिमोटमधूनच निघतो, आत बोटभर स्पीकर आहे. जावयाला विचारावं लागलं नाही, मी ऐकूनच सांगितलं. त्याने विचारलं, बाबा, तुम्ही शिकलात कुठं? म्हटलं, मला दोन डिग्र्या. एक डावा कान, एक उजवा कान. रस्त्यापलीकडच्या पंख्याचं बेअरिंग गेलं की मी दुकानात बसून सांगायचो.

६ तारीख, बुधवार

माझी खुर्ची मी हॉलमध्ये डावीकडची भिंत धरून ठेवली. दुकानातलं बाकही असंच भिंतीला चिकटून होतं. जुनी सवय.

भिंगरीशी पैज लागली. तिने चोरपावलांनी माझ्याजवळ यायचं, आणि ज्या दिवशी मला ऐकू येणार नाही त्या दिवशी मी मिशी उतरवायची. आज तीनदा आली, तीनदा पकडली. लेकीने बजावलं, बये, नाद सोड, आजोबांपासून मुंगीसुद्धा लपत नाही. भिंगरी म्हणाली, मुंगी बूट काढत नाही, मी काढणार.

टीव्हीसमोर उभं राहिलं की डाव्या हाताच्या भिंतीवर, माझ्या कमरेच्या उंचीवर, तळहाताएवढा रंग वेगळा दिसतो. जावई म्हणतो ओल असेल. ओल खालून चढते, मध्येच गोल बसत नाही. पण सासऱ्याने आल्या आल्या शहाणपण शिकवू नये.

१० तारीख, रविवार

आज दुपारी चौघांचं टेनिस. लेक-जावई एकीकडे, मी आणि भिंगरी दुसरीकडे. ती माझ्या डावीकडे उभी राहते, तशी पडद्यावर जोडी लागते. सुरुवातीला मी सारखा चुकत होतो. मग चेंडू यायच्या जरा आधी डावीकडून बारीक 'हं' ऐकू आला. त्यावर हात फिरवला आणि फटका बरोबर बसला. पुढचाही. नंतर एकही चुकला नाही. जावई घामाघूम झाला आणि म्हणाला, बाबांनी मशीनला लाच दिली आहे.

मी भिंगरीला विचारलं, तू हं म्हणतेस का गं? तिने ऐकलंच नव्हतं. रिमोटमधलाच असेल.

जिंकलो, पण हाडापर्यंत दमलो. दिवसभर पोती उचलल्यासारखा. जेवताना डोळा लागला.

१२ तारीख, मंगळवार

रिमोट उघडून बघितला. स्पीकर ठीक. सेल काढून नुसताच हातात धरून उभा राहिलो. टीव्ही बंद. हं. हात फिरला.

मग टीव्हीकडे पाठ केली. आवाज जागेवरचा असता तर आता उजवीकडून यायला हवा होता. डावीकडूनच आला. चाळीस वर्षांत आवाजाने मला असं फसवलं नाही. नळ तपासला, पंखा तपासला, वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाईंचं मशीनही जाऊन पाहिलं. बाईंना वाटलं गिऱ्हाईक आलं, झग्याचं माप घ्यायला टेप काढली.

दमणूक जात नाही. सकाळी उठतो तोच उजवा खांदा ठणकत.

१५ तारीख, शुक्रवार

खेळ तीन दिवस बंद ठेवला आहे. भिंगरी रुसली आहे.

आज स्वयंपाकघरात चहा ओतत होतो. लेक डावीकडे उभी राहून डबा भरत होती. चमचा पडला म्हणून ती खाली वाकली. हं. माझा हात कपासकट फिरला आणि कप भिंतीवर फुटला. तिचं डोकं क्षणापूर्वी तिथंच होतं. म्हटलं, निसटला. ती म्हणाली, बाबा, दमलाय तुम्ही, बसा जरा.

निसटला नव्हता. मी तो घट्ट धरला होता.

१७ तारीख, रविवार

वरच्या बाईंकडे पुन्हा गेलो आणि या वेळी सरळ विचारलं, आमच्या आधी कोण होतं? बाईंनी आधी सुई ओवली, मग सांगितलं. शाळेतले व्यायामाचे मास्तर, बायको आणि आठ वर्षांचा मुलगा. रोज संध्याकाळी बापलेक हाच खेळ खेळायचे. मुलाला वेळ साधता येईना, म्हणून मास्तर चेंडू आला की हं म्हणायचे. बाईंना वर मशीनवर बसून ऐकू यायचं, हं, हं, हं. पुढे पुढे त्या तालावर त्या शिलाई मारायच्या. मास्तर कधी हरायचे नाहीत. एका रविवारी मुलगा डावीकडे फार जवळ सरकला. मास्तर हं म्हणाले आणि स्वतःचाच हात फिरवला. पोराचं डोकं भिंतीवर आपटलं. पोरगं उठलं नाही.

मास्तर त्यानंतर त्याच खोलीत उजवा हात मांडीखाली दाबून बसून असायचे म्हणे. महिन्याभरात तेही गेले.

मी विचारलं, किती उंच होता मुलगा? बाईंनी माप घेतल्यासारखा तळहात माझ्या कमरेशी धरला.

१९ तारीख, मंगळवार

डबा, वायर, रिमोट, सगळं भंगारात दिलं. बस थांब्यावर भिंगरीला आणायला गेलो. ती उतरली, माझा डावा हात धरून चालू लागली. हं. मी कसाबसा उजवा हात वर उचलला, दप्तराला लागून ते उडालं. तिला वाटलं खेळ सुरू झाला. हसत सुटली. म्हणाली, आजोबा, आउट!

घरी येऊन दप्तर खुंटीला लावलं. मग झोपलो. झोपेतही खांदा चालू असतो.

२० तारीख, बुधवार

लेकीला आणि जावयाला सगळं सांगितलं. जावई चेष्टा करेल वाटलं होतं. त्याने माझ्यापुढे पाण्याचा पेला ठेवला, ते जास्त लागलं. मी म्हटलं, मला परत पाठवा, भाचा ठेवून घेईल. शनिवार सकाळचं तिकीट मिळालं. लेक रडली. म्हणाली, जायच्या आधी कान तरी दाखवू.

भिंगरीला माझ्या उजवीकडेच राहायला सांगितलं आहे. कारण विचारते. काय सांगू.

२१ तारीख, गुरुवार

कानाच्या डॉक्टरीणबाई लेकीपेक्षाही लहान. काचेच्या खोलीत बसवलं, आवाज आला की बटण दाबा. उजव्या कानाला भराभर दाबलं. मग बराच वेळ काहीच येईना, मी वाट बघत बसलो. बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, डाव्या कानाने तुम्हाला काहीच ऐकू येत नाही. आज नाही, वीस-पंचवीस वर्षं तरी. मशीनवर काम होतं ना?

मी हसलो. लेक हसली नाही. तिला म्हणे लहानपणापासून माहीत आहे. मी नेहमी डावी बाजू भिंतीला लावून बसतो. माझ्याशी बोलायचं तर उजवीकडून, हे आईने शिकवलं होतं. मला कोणी बोललं नाही, कारण मी कानांवरून फार —

मग ते डावीकडून जे येतं ते —

२२ तारीख, शुक्रवार, सकाळ

दोघं कामावर. रजा मागितली, मिळाली नाही. एक दिवसाचा प्रश्न. शाळा आज अर्धी. भिंगरीला बसवरून वरच्या बाई घेतील, संध्याकाळपर्यंत वरच ठेवतील. ठरलं आहे.

मी मागच्या खोलीत. उजवा हात खिडकीच्या गजाला बांधला. रिमोटची पट्टी तेवढी भंगारात जायची राहिली होती, तीच घेतली. गाठ दातांनी मारली. हे डाव्या हाताने लिहितो आहे, वेडंवाकडं.

दुपार

हं. हं. आता थांबतच नाही. चेंडू नाही, काही नाही. हात गजाला हिसके देतो. मनगट सोललं. इतका दमलो आहे की वाटतं एकदा फिरू द्यावा, म्हणजे — नाही.

वर मशीन चालू. म्हणजे बाई आहेत. म्हणजे पोरगी वर आहे.

तीन वाजता

जरा थांबलं. डाव्या हाताचं अक्षर वाचता येणार नाही म्हणून लिहायला पट्टी सोडली आहे. दोन ओळी लिहून परत बांधतो. लेकीसाठी. तिने घर बदलावं. डावीकडच्या भिंतीशी कोणाला उभं —

या खोलीत खिडकी उजवीकडे. डावीकडे भिंत नाही, दार आहे. हे आधी लक्षात —

दाराशी छोटे बूट. काढून ठेवलेले.

भिंगरी डावीकडे उभी आहे. अगदी जवळ. तोंडावर हात दाबून हसते आहे. कधी आली, मला ऐकू आलं नाही. हात अजून सुटा —