गाळणीपलीकडची हवा

ता. ३ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

चिमी रांगायला लागली. हाताला लागेल ते तोंडात घालते. बाकी आम्ही वरवर बरे आहोत.

खरं सांगू? मला झोप नाही. आमच्या अणुइंधनाच्या कारखान्यात युरेनियमच्या भुकटीच्या गोळ्या दाबतात. त्या हॉलमधली हवा गाळून परत तिथेच सोडतात, आणि त्या गाळण्या माझ्या ताब्यात. गाळणी चोंदली की दाबाचा काटा चढतो. आमचा उतरतोय. म्हणजे हवा कुठूनतरी फटीतून निसटतेय. साहेब म्हणतात, काटा खाली म्हणजे गाळणी स्वच्छ. ऑर्डर संपली की बघू. आणि तिथेच दाबयंत्रावर आमचे हे उभे असतात! त्यांना सांगितलं तर म्हणाले, घरी माझं घोरणं मोजतेस, आता तिथे श्वासही मोज.

उत्तर लगेच धाड. तुझ्या मायेवरच तग धरून आहे.

तुझी छोटी

ता. ९ जून

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पत्र दोनदा वाचलं. झुरळ दिसलं की माझ्यामागे लपणारी तू, आणि गाठ कसल्या राक्षसाशी! मेहुण्यांना म्हणावं, विनोद पुरे. गप्प राहा असं लिहायला हात वळत नाही. बोल म्हणावं तर दोघांच्या नोकऱ्या डोळ्यांपुढे येतात. पण काटा खोटं कशाला बोलेल? त्याला कुठे बढती हवीय!

गाळणी उघडून बघ. पुढे जे होईल त्यात मी आहेच.

तुझी ताई

ता. २१ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

उघडली. हॉलच्या एका कोपऱ्यात फुटक्या गोळ्या आम्लात विरघळवतात, त्या वाफांनी गाळणीचा कागद कुजला होता. बोट लावताच चुरा झाला. पलीकडच्या, स्वच्छ म्हणायच्या बाजूला पांढरा फडका फिरवला, तो काळा निघाला. मी यंत्रं बंद करवली. साहेब कुणाच्या हुकमाने म्हणून ओरडत आले, फडका पाहून त्यांनीच डॉक्टरांना फोन लावला.

सगळ्यांच्या तपासण्या झाल्या. यांच्या लघवीत युरेनियम फार निघालं. डॉक्टर म्हणतात, मूत्रपिंडं आज ठीक आहेत. उद्याचं विचारलं तर म्हणाले, दर महिन्याला तपासत राहू.

हे आता चिमीपासून लांब बसतात. काल ती रांगत पायाशी गेली, तर हे पाय वर घेऊन खुर्चीवर आखडून बसले. डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नाही, म्हणून मी तिला उचलून त्यांच्या मांडीवर ठेवलं. ती शर्टाचं बटण चघळत बसली. यांनी दोन्ही हात हवेतच धरले होते.

आता पत्रांनी भागत नाही, ताई. ये.

तुझी छोटी