शनिवारच्या आत सीमेपलीकडे

१५ ऑगस्ट, मंगळवार

निघालो एकदाचा! सकाळी सहाला घरासमोरूनच मिनीबस मिळाली, साडेनऊला चिपाटात, सीमेअलीकडच्या शेवटच्या मोठ्या गावात. सोबत एक पिशवी, एक इस्त्रीचा सदरा, काळे बूट आणि कोंबडी.

कोंबडी टोपलीत आहे. वरून लिसनेतीने आपलं कमरेला गुंडाळायचं जुनं चितेंजे लुगड्यासारखं गच्च आवळून बांधलंय. निघताना ती एवढंच म्हणाली, की या वेळी तरी वेळेवर पोचा. बायकोचं फार मनावर घ्यायचं नाही, असं ठरवून मी तीस वर्षं काढली. आज मात्र लागलं.

शनिवारी दहाला, पलीकडे मलावीत, तियामिकेच्या लग्नाची कोंबड्यांची देवघेव आहे. मुलाकडचे कोंबडा आणणार, आमच्याकडून कोंबडी जाणार, आणि ती द्यायची मी. मी तिचा मामा, म्हणजे तिचा न्कोस्वे. आईबाप कितीही बोलले तरी आमच्यात ते बोलणं धरत नाहीत, मामाचं धरतात. मामा आला नाही तर लग्न ठरलं असं कोणी म्हणत नाही. उद्या नवऱ्याने पोरीला छळलं तर जाऊन त्याच्या दारात उभं राहायचं, तेही मामानेच.

बाप तर नाहीच तिला. नऊ वर्षं झाली.

फोन तियामिकेचाच आला होता. "मामा, एकोणीस तारीख. शनिवार. सकाळी दहा. लिहून घ्या." भाची मामाला म्हणते लिहून घ्या! तीस वर्षं शाळेच्या घंटेची दोरी माझ्या हातात होती, एक मिनिट इकडचं तिकडे झालं नाही. पण त्या पोरीने माझी घंटा ऐकलीय कुठे? तिने पाहिलाय तो माझा उशीर. मुकाट्याने लिहून घेतलं.

तोच दिवस, दुपारी, सीमेच्या नाक्यावर

कोंबडी अडली.

माझ्या पासपोर्टावर शिक्का मारायला अर्धं मिनिट लागलं. मग साहेबाने टोपलीकडे बोट केलं. जिवंत पक्षी न्यायचा तर गुरांच्या डॉक्टरचा कागद हवा. डॉक्टर कुठेत? गुरुवारी येतात. मी म्हटलं, भाचीची देवघेव आहे. तो म्हणाला, "अभिनंदन, मास्तर. गुरुवारी या." माणूस सभ्य होता, त्याच्यावर रागावताही येईना.

थांबायचं ठरवलं. ही कोंबडी आमच्या अंगणातली, आमच्या आईच्या घराण्याच्या कोंबड्यांच्या वंशातली. माझ्या बहिणीच्या, एसिनातीच्या लेकीला हीच गेली पाहिजे. गुरुवारी निघालो तरी शुक्रवारी आरामात पोचतो. नाक्यामागे एका म्हातारीकडे खोली घेतली.

१६ ऑगस्ट, बुधवार

काही नाही. कोंबडीने अंडं घातलं.

तोच दिवस, संध्याकाळी

दिवसभर पिलिरानीच्या आईच्या टोपलीशेजारी बसलो. ही बाई फाटकापाशी उकडलेली रताळी विकते. राहते मलावीत, पाणी भरते झांबियातून, कारण गोड्या पाण्याची विहीर इकडे आहे. दिवसातून सहा वेळा सीमा ओलांडते आणि फाटकावरचा शिपाई मानही वर करत नाही.

तिला सगळं विचारायचंच होतं. कुठे, कशाला, कोणाकडे. सांगितलं. तर म्हणते, टोपली माझ्या डोक्यावर द्या, मी मक्याच्या वावरातून पायवाटेने पाच मिनिटांत पलीकडे ठेवते. मी म्हटलं, मी हेडमास्तर होतो, चोरवाटेने आणलेली कोंबडी मी पोरीच्या लग्नात देणार नाही. ती हसून हसून रताळं गिळायची राहिली.

१७ ऑगस्ट, गुरुवार

डॉक्टर अकराला आले. कोंबडीचे डोळे पाहिले, चोच उघडून पाहिली. लस टोचल्याचा दाखला मागितला. आमच्याकडे माणसांचे दाखले नाहीत, कोंबडीचा कुठून आणू? मग म्हणाले, इथे टोचतो, पण टोचल्यावर काही दिवस इथेच ठेवावी लागेल. सोमवारी न्या.

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! टोपली घेऊन बाहेर आलो आणि पिलिरानीच्या आईला म्हटलं की जाऊन मोठ्या साहेबांना भेटतो, ते चिपाटात असतात, दुपारच्या गाडीने जाऊन उद्या सकाळी परत येतो.

तिने हातातलं रताळं खाली ठेवलं.

"मास्तर, एक विचारू? कोंबडी पोचवायचीय की तुम्हाला पोचायचंय?"

मी म्हटलं, दोन्ही.

"कोंबड्या तिकडेही आहेत. मामा तिकडे नाही."

चिपाटा! मंगळवारी त्या गावात क्षणभर थांबायचंही मी टाळलं होतं आणि आज आपल्याच तोंडाने आपण परत तिकडे निघालो होतो.

या वहीत लिहून टाकतो. दुसरं कोण वाचणार आहे?

नऊ वर्षांपूर्वी मेहुणा वारला तेव्हा निरोप मला त्याच दिवशी मिळाला होता. मी सगळ्यांना सांगितलं की गाडी मिळाली नाही. खोटं. गाड्या होत्या. मी चिपाटात जुन्या सोबत्याकडे, झेनासच्या घरी, दोन रात्री राहिलो. पहिल्या दिवशी म्हटलं ऊन फार आहे. दुसऱ्या दिवशी म्हटलं ताप वाटतोय. खरी गोष्ट ही, की मला मेहुण्याच्या थोरल्या भावाची भीती वाटत होती. दांडगा माणूस. माती झाल्यावर तो घरावर हक्क सांगणार हे मला ठाऊक होतं, आणि एसिनातीच्या बाजूने त्याच्यासमोर उभं राहणं हे माझं काम होतं. शाळेतल्या पोरांवर आवाज चढवणं वेगळं.

पोचलो ते वरातीमागून घोडं. घराचे पत्रे काढून नेलेले, बैलगाडी नेलेली, दाराची चौकटसुद्धा. एसिनाती चुलीच्या तीन दगडांपाशी बसलेली, लेकीचं डोकं मांडीवर. मी सांगितलं गाडी नव्हती. तिने मान हलवली. आमच्या गावी परत चल म्हटलं तर नको म्हणाली. तिथल्या मुखियाने तिला दुसरीकडे जागा दिली आणि तिने एकटीने घर बांधलं. त्यानंतर आम्ही बोललो ते फोनवर, सणासुदीला.

आता कळतंय. कोंबडी म्हणजे ते ऊन होतं. तो ताप होता. दोन दिवस मी नाक्यावर बसलो तो घराण्याच्या वंशासाठी नव्हे. एसिनातीच्या डोळ्यांत पाहायची मला भीती वाटते, बास.

टोपली पिलिरानीच्या आईला देऊन टाकली. तिने विचारलं, कापू की पाळू? म्हटलं तुमची मर्जी. दीडला चालत सीमा ओलांडली. भाड्याच्या टॅक्सीत मागच्या बाकावर पाच जण, मांडीवर कोणाचं तरी पोर. अडीचला म्चिंजी.

तोच दिवस, म्चिंजी स्टँड

गाडी नाही. पेट्रोल नाही! पंपावर रांग गावाबाहेरच्या शाळेपर्यंत. मिनीबसवाला म्हणाला बसा, येईल. बसलो. पाचला म्हणाला उतरा.

१८ ऑगस्ट, शुक्रवार

पहाटेपासून त्याच मिनीबसमध्ये. गाडी भरलेली, टाकी रिकामी. ड्रायव्हरचं नाव मावुतो, खिडकीतून पाय बाहेर काढून निजलाय.

दहा वाजता टँकर आल्याची बातमी आली. टँकर दुधाचा निघाला.

शेजारी एक जाडजूड बाई पावडरचा डबा छातीशी धरून बसलीय, सून बाळंत झालीय म्हणून निघालीय. तिने विचारलं, तुम्हाला कधी पोचायचंय? उद्या दहाला म्हटलं. किती लांब? लिलाँग्वे, मग म्पोनेला, मग आत बारा किलोमीटर. तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "मग प्रार्थना करा. मी सुनेसाठी करतेच आहे, तुमचीही त्यात घालते."

मला एकाच गोष्टीचं हसू येतंय, आणि रडूही. या वेळी गाडी खरंच नाही. खरंच! पण हे तिथे जाऊन कोणत्या तोंडाने सांगू? ते वाक्य मी नऊ वर्षांपूर्वीच वापरून टाकलं. उद्या उशीर झाला तर मुलाकडचे उठून जातील. न्कोस्वे नाही तर देवघेव नाही. गावासमोर तियामिकेची मान खाली जाईल, आणि मी म्हणेन, पेट्रोल नव्हतं.

फोन करावा म्हणून दोनदा काढला. दोनदा ठेवला. उशीर होईल हे आधी सांगितलं की माणूस उशिराला मोकळा होतो, हे मला स्वतःवरून माहीत आहे.

तोच दिवस, संध्याकाळी

दुपारी तीनला मी मिनीबसमधून उतरलो आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभा राहिलो. आयुष्यात कधी कोणाला हात केला नव्हता. हेडमास्तरने हात करायचा नसतो. पहिल्या चार गाड्यांना नीट करता आला नाही. पाचवा ट्रक शेंगांच्या पोत्यांचा होता, वर आधीच दहाएक माणसं. ट्रकवाला म्हणाला, म्हाताऱ्या माणसाने वर चढू नये. मी बूट काढून पिशवीत घातले आणि चढलो.

चार तास पोत्यांवर. केस, नाक, कान, सगळी धूळ. एका गावात भाजलेल्या उंदरांच्या काड्या विकायला पोरी धावत आल्या, कोणीतरी मलाही एक दिली. बऱ्याच वर्षांनी खाल्ला. लहानपणी एसिनाती अर्धा उंदीर माझ्यासाठी ठेवायची, नेहमी पुढचा अर्धा, कारण मागचा तिला आवडायचा.

लिलाँग्वेला आलो. स्टँडवरच बाकावर झोपणार.

१९ ऑगस्ट, शनिवार, सकाळी ९.४०

पाचची पहिली गाडी सव्वासातला सुटली. म्पोनेलाच्या बाजारात एक लाल कोंबडी घेतली, पाय बांधलेली, फार ओरडणारी. तिथून सायकलवाल्याच्या मागे बसलो. सात किलोमीटर गेल्यावर चाक बसलं.

तो पंक्चर काढतोय. मी बाभळीखाली बसून हे लिहितोय कारण काहीतरी करायला हवं. सदरा अजून पिशवीत आहे, पण मळलेल्या अंगावर तो चढवून काय करू? पाच किलोमीटर. चालायला तास. पळायला माझं वय नाही.

पंक्चर दोन आहेत म्हणे.

वही ठेवतो. पळतो.

तोच दिवस, संध्याकाळी

पावणेअकराला पोचलो. अंगणात चटई नाही. चुलीवर मोठी भांडी नाहीत. माणूस नाही. दारातच बसलो.

एसिनाती घरामागून आली, सुपात शेंगा. केस पिकलेत तिचे. मी म्हटलं, गेले का ते लोक? तिने माझ्या हातातली कोंबडी घेतली, पाय सोडले, पाण्याचा तांब्या दिला. मग म्हणाली, मुलाकडचे पुढच्या शनिवारी येणार आहेत. सव्वीसला. आधीपासून तीच तारीख होती.

तियामिके दाराआड उभी होती. ओठ दाबून धरलेले.

मी सांगायला लागलो की म्चिंजीला पेट्रोल नव्हतं. एसिनाती म्हणाली, "नसेल. तू झेनासकडे दोन रात्री होतास तेव्हा होतं."

तिला माती झाल्याच्या तिसऱ्या दिवसापासून माहीत होतं. झेनासच्या बायकोनेच कळवलं होतं. नऊ वर्षं ही बाई सणाला फोन करून माझ्या गुडघ्यांची चौकशी करत होती!

मी म्हटलं, मग मला कशाला बोलावलंस? मुखिया उभा राहिला असता. चुलतभावांपैकी कोणीही राहिला असता.

ती म्हणाली, "तारीख आठ दिवस अलीकडची सांगता येते, दादा. भाऊ कुठून दुसरा आणू?"

आणि सूप माझ्यापुढे सरकवलं. शेंगा फोडतोय.