पालथ्या माठावरची माळ

सातपूर, नाशिक
९ फेब्रुवारी २०२५

चि. उत्तरा हिस नानांचे अनेक आशीर्वाद.

वि. वि. तुझा फोन आला की शेखरकाका कानात ओरडून सांगतो, तरी मला अर्धेच कळते. म्हणून आपले पत्रच बरे.

रस्ता खोदल्यापासून आमच्या चाळीतल्या नळाला वास येतो. माझ्याकडे कावीळवाल्यांची रांग लागली आहे. गेल्या रविवारी अकरा, आज सतरा. तू तिकडे काविळीवर संशोधन करतेस, लोकांचे रक्त बाटल्यांत भरून नेतेस. इथे तुझा सातवी पास आजा फुकट माळ घालतो. दोऱ्याच्या सैल गाठींत ओल्या काड्या बांधायच्या, माळ डोक्यावर ठेवायची. ती लांबत लांबत गळ्यात येते, मग छातीवर, आणि कावीळ उतरते. हसू नकोस.

सलाउद्दीनची सून रुखसार, तिलाही झाली आहे. सातवा महिना आहे. सलाउद्दीनने आणि मी सत्तावीस वर्षे कारखान्यात एका पाळीत काम केले, त्याचे घर मला परके नाही. तो तिला हॉस्पिटलात न्यायला रिक्षा घेऊन आला होता. मी म्हटले, माळ गळ्यापर्यंत उतरली, आता कशाला पोटुशीला सुया? त्याने रिक्षा परत पाठवली. तरी मला चैन नाही, दिवसातून तीनदा बघून येतो. तिला झोप फार येते. झोप चांगलीच ना? लगेच कळव. वडापाववर दिवस काढू नकोस.

तुझा,
नाना


पुणे
१५ फेब्रुवारी

ती. नानांस उत्तराचा नमस्कार.

वि. वि. पत्र काल मिळाले. झोपेचे वाचून लगेच काकाला फोन लावला. तो म्हणाला, रुखसारचे गुरुवारीच दफन झाले.

नाना, ती झोप नव्हती. यकृत काम करेनासे झाले की माणसाची शुद्ध अशीच हरपत जाते. ही पाण्यातून होणारी कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून तुमच्या माळेला यश येते. गरोदर बाईच्या मात्र ती जिवावर उठते. पाणी उकळून प्या, सगळ्यांना सांगा.

माझ्याबरोबर काम करणारी तृप्ती सोमवारी येईल. तुमच्याकडे आलेल्यांची नावे तिला द्या. ही माणसे कुठल्याच दवाखान्याच्या यादीत नाहीत, आणि कोणत्या गल्लीत कोण आजारी पडले ते कळल्याशिवाय नळ कुठे फुटला ते सापडणार नाही. फॉर्मवर 'पहिला उपचार कोणाचा' असा रकाना आहे. तिथे तुमचे नाव घालायची गरज नाही, 'माळ' एवढे पुरे.

मी स्वतः येणार नाही. आत्ता तुमच्याशी नीट बोलता येणार नाही मला.

उत्तरा


सातपूर
२३ फेब्रुवारी

चि. उत्तरा हिस आशीर्वाद.

वि. वि. तुझी तृप्ती आली होती. मी दार उघडले नाही. नात शिकून मोठी झाली ती आज्याला खुनी ठरवायला का? चाळीस वर्षांत कोणी असे बोलले नव्हते.

सलाउद्दीन मला दोष देत नाही, हेच जड जाते. तो म्हणतो, यज्ञेश्वरभाऊ, तुमची माळ छातीपर्यंत उतरली होती, शेवटच्या रात्री हॉस्पिटलात नेले तेव्हा त्या डॉक्टरणीच्या सलाइननेच पोरीला मारले. तिच्यावर तक्रार लिहिली आहे. साक्षीदार म्हणून माझी सही मागतो. कागद माझ्या उशाशी आहे. नाही म्हटले तर कारण काय सांगू? मला जेवण जात नाही.

नाना


पुणे
२७ फेब्रुवारी

ती. नानांस नमस्कार.

वि. वि. सही करण्याआधी एक करा. एक माळ कोरड्या माठावर घाला. माठ पालथा ठेवा. मग काय करायचे ते तुम्ही ठरवा.

उत्तरा


सातपूर
९ मार्च

चि. उत्तरा हिस.

वि. वि. माठ खिडकीत पालथा घातला, बुडावर माळ ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पोटापर्यंत आली. चौथ्या दिवशी पोट ओलांडून खाली पडली. काड्या वाळून बारीक झाल्या, गाठी आणखी सैल पडल्या आणि माळ लांबली, बाकी काही नाही. चाळीस वर्षे माझ्याच हाताने बांधल्या, एकदाही बघितले नाही.

तो माठ आणि माळ घेऊन सलाउद्दीनकडे गेलो. रोजे सुरू आहेत. तो ओट्यावर बसला होता. मी सगळे सांगितले, रिक्षा मी परत पाठवायला लावली हेही. त्याने माळ हातात घेऊन पुन्हा पुन्हा ताणून पाहिली. मग म्हणाला, ती तर त्या दिवशी रिक्षात बसलीसुद्धा होती. तेवढेच. तक्रारीचा कागद त्याने माझ्याकडून घेतला, फाडला आणि आत गेला. दार त्याच्या नातीने लावले.

आज रविवार. नऊ जण आले. हॉस्पिटलात जा म्हटले, तर रांगेतली मंगलाबाई म्हणाली की म्हातारा आता भाव खायला लागला. त्यातले चौघे दुसऱ्या माळवाल्याकडे गेले, असे शेखरने सांगितले.

यादी सोबत आहे. एकसष्ट नावे, गल्लीसकट. पहिले रुखसारचे. रकान्यात 'माळ' लिहिलेले नाही, यज्ञेश्वर असे माझे पूर्ण नाव लिहिले आहे. तू दयेने ते खोडशील म्हणून शाईने लिहिले.

लोभ असावा असे लिहायची सवय आहे, पण ते आता तुझ्यावर सोडतो.

नाना