लाल बटण किती टॅबवर?

सोमवार, १५ मार्च २००४

ग्राफिक एकशे सात! आमच्या कॉम्प्युटरवरच्या एका बटणाचं हे नाव. बाकीच्यांना तेवढंही नाही. नुसतंच बटण, बटण, बटण.

दीक्षानं कॉलेजातून सीडी आणून आवाज रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर घातलं. पडदा वाचून दाखवणारा प्रोग्राम आधीपासून होताच — त्याचा तो पत्र्याचा इंग्रजी आवाज. हे खुर्चीत ताठ बसले, मी शेजारी स्टुलावर. मला सगळं कसं छान दिसत होतं. वर करडी पट्टी, तीवर गोल बटणं, खाली आवाजाची निळी रेघ. यांना दिसत नाही; ऐकू येत होतं ते एवढंच. बटण, बटण, ग्राफिक एकशे सात.

मी म्हटलं, “अहो, सोपं आहे. डावीकडे वर लाल गोल आहे. तो दाबला की रेकॉर्डिंग सुरू.”

“मला लाल सांगू नकोस शालू. किती टॅब, ते सांग.”

टॅबची कळ दाबली की एका बटणावरून पुढच्यावर जाता येतं. बसले मोजायला. दीक्षा म्हणते, “आई, तू माउस विसर. बाबांसाठी माउस एक्झिस्टच करत नाही.”

लाल बटण सहाव्या टॅबवर आहे. दिसायला पहिलं, मोजायला सहावं!

बुधवार, १७ मार्च

हे एकवीस वर्षं बँकेत टेलिफोन ऑपरेटर. आता तिथं नवीन यंत्र आलंय. फोन लावणाऱ्यानंच नंबर दाबायचा आणि हवं तिथं पोचायचं. यांचा फोन जोडायचा बोर्ड एकतीस मार्चला बंद. साहेब म्हणाले म्हणे, “बनसोडे, काळजी नको. पगार चालू राहील. तुम्ही आपले निवांत बसा.”

घरी येऊन बूटही न काढता हे म्हणाले, “मला कपाट समजतात काय?”

एरंडवण्यात अंधांसाठी बोलकी पुस्तकं करणारं एक ग्रंथालय आहे. लोक येऊन पुस्तकं वाचतात, ते रेकॉर्ड होतं. पण वाचणारा खोकतो, चुकतो, पानं वाजवतो. ते सगळं कापून स्वच्छ करणारा माणूस हवाय त्यांना. दहा एप्रिलला परीक्षा. एक तास, एक प्रकरण, आणि मदतीला कुणी नाही. हे पास झाले तर बँक सोडणार. नाही झाले तर ती निवांत खुर्ची, आणखी पंधरा वर्षं.

रविवार, २१ मार्च

सापडलं! आणि माझ्यामुळे नाही.

मी पेपर वाचत होते, मधेमधे मुद्दाम खोकत होते. हे ते रेकॉर्डिंग परत ऐकत होते. पत्ता लागेना, खोकला नेमका कुठून कुठपर्यंत पकडायचा. मला तर निळ्या रेघेवर उंच सुळका दिसतो! सांगून उपयोग काय? “जरा पुढे... जरा मागे...” करत तासभर गेला. मग हे म्हणाले, “तू थांब. मी एकेक कळ दाबून बघतो.” सगळा कीबोर्ड चाचपला. शेवटी चौकटी कंसापाशी आले. खोकला सुरू झाला की डावा कंस, संपला की उजवा, मग डिलीट. गेला खोकला!

तीनदा ऐकलं. चौथ्यांदा दीक्षाला झोपेतून उठवून ऐकवलं.

बुधवार, २४ मार्च

आज नुसती भांडणं. लिहीत नाही.

शनिवार, २७ मार्च

काय केलं मी हे!

सकाळपासून चार तास खपून यांनी मी वाचून दिलेलं पूर्ण बातमीपत्र साफ केलं होतं. मग अंघोळीला गेले. मला पडद्यावर एक सुळका राहिलेला दिसला. म्हटलं, एवढा आपण काढून टाकू, कशाला यांना परत त्रास. माउस धरला. काय पकडलं गेलं कोण जाणे — डिलीट दाबल्यावर सगळी निळी रेघच गायब. घाबरून ‘सेव्ह’ केलं. वाटलं, सेव्ह म्हणजे वाचवणं!

हे आले, केस पुसत बसले, स्पेस दाबला. काही नाही. परत दाबला.

“शालू, इथं कोण बसलं होतं?”

सांगितलं. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“रस्त्यात तू हात धरतेस, ठीक आहे. गाड्या असतात. इथं कुठल्या गाड्या होत्या?”

दुपारी जेवले नाहीत. मीही नाही.

रविवार, २८ मार्च

बोलणं बंद. दीक्षा दोघांच्या मधे. “आई, तू सॉरी म्हण ना.” म्हटलं होतं मी. तीनदा.

दुपारी ती यांना विहारातल्या सभेला घेऊन गेली. घरात मी एकटी. कॉम्प्युटर लावला, एक मिनिट काहीतरी वाचलं, मधे एकदा खोकले. मग पडद्याचं बटण बंद केलं. काळाकुट्ट. म्हटलं, काढ आता खोकला.

एक तास लागला. त्यात तीनदा पडदा लावून बघितलं. एकदा कुठल्यातरी मेनूत शिरले, तर बाहेरच पडता येईना. तो पत्र्याचा आवाज एकच शब्द परत परत सांगतोय आणि मला कळतच नाही, मी आहे कुठे. घाम फुटला. स्वतःच्या घरात, स्वतःच्या खुर्चीत! मला पडदा लावायची सोय होती. यांना ती नाही.

हे आल्यावर दारातच सगळं सांगितलं.

“कुठं अडकलीस?”

“एडिटमध्ये.”

“एस्केप दोनदा.” आणि हसले. कालपासून पहिल्यांदा हसले!

मग मला शेजारी बसवून बाहेरची वाट दाखवली. आजपासून मी फक्त वाचणार आणि खोकणार. माउस काढून दीक्षाच्या कपाटात ठेवलाय.

बुधवार, ३१ मार्च

बोर्ड बंद झाला. बँकेतून घेऊन येताना बसमध्ये विचारलं, शेवटचा फोन कुणाचा होता?

“राँग नंबर. बाईंना दवाखाना हवा होता. मी नंबर शोधून दिला.”



बुधवार, ७ एप्रिल

सरावात अख्खं पान, पंचवीस चुका साफ, एकोणीस मिनिटांत. मला आता खोकला खराच झालाय.

शनिवार, १० एप्रिल

परीक्षा झाली. 

ग्रंथालयाचे प्रमुख यज्ञेश्वर सर. साठीचे, काटकुळे, बोलणं मोजून. “बाईंनी बाहेर बसावं. बाक आहे. पंखा नाही.”

काचेतून आतलं दिसत होतं. यांनी हेडफोन लावले, लाल बटणापासून पुढचं मोजायच्या सवयीनं टॅब सहा वेळा दाबला आणि थांबले. परत पहिल्यापासून. परत थांबले. माझ्या लक्षात आलं. इथलं सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीचं. बटणांचा क्रमच वेगळा! मला ते लाल बटण बाहेरून दिसत होतं. आणि ऐकवायचं ‘प्ले’ बटण शेवटाकडे गेलं होतं, तेही दिसत होतं. बोटांनी आकडा दाखवला तर यांना दिसणार नव्हता, पण ओरडले असते तर ऐकू गेलं असतं. पदराचा बोळा तोंडाशी धरून बसले.

यांनी दोन्ही हात कीबोर्डवरून उचलले. मांडीवर ठेवले. मला वाटलं, उठतायत आता. उठले नाहीत. मग अगदी सावकाश, एकेक कळ दाबून ऐकायला लागले, जशी नव्या घरातली भिंत चाचपतात. वीस मिनिटं त्यात गेली. तासातली वीस! मग मात्र बोटं सुटली.

वेळ संपली तेव्हा दोन पानं राहिली होती.

यज्ञेश्वर सरांनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाले, “आपण श्वास कापले नाहीत.”

“नाही सर. वाचणारा माणूस आहे.”

“आधीच्या तिघा उमेदवारांनी कापले. ऐकताना आपलाच जीव गुदमरतो. पण आपलं काम पुरं झालेलं नाही.”

“नाही झालं. आणि सर, चौथ्या पानावर एक ओळ गाळलेली वाटते. वाक्य जुळत नाही.”

“हं,” सर म्हणाले. “कळवू.”

पुण्यात ‘कळवू’चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. बसमध्ये यांचा हात धरून बसले होते. 

बुधवार, १४ एप्रिल

जयंती. विहारात गर्दी, खीर, पोरांचा ढोल. ज्याला त्याला विचारायचंच होतं, ‘काय, झालं का?’ हे सगळ्यांना हसून म्हणत होते, “कळवतायत.”

शनिवार, १७ एप्रिल

फोन खुद्द यज्ञेश्वर सरांचा! यांनी घेतला, मी कानाला कान लावून.

“बनसोडे, मी पुस्तक काढून पाहिलं. चौथ्या पानावर ओळ गाळलेली आहे. हे कच्चं रेकॉर्डिंग तसंच दोन वर्षं शंभर जण ऐकतायत, आमच्या एकाच्याही लक्षात आलं नाही. वेग येईल आपल्याला. कान शिकून येत नाही कुणाला. तीन मेपासून या.”

आणि फोन ठेवूनही दिला. अभिनंदन वगैरे भानगड नाही!

दीक्षानं बाबांना घेऊन घरभर नाच केला. मी स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

सोमवार, ३ मे

काल संध्याकाळी हे म्हणाले, “उद्या मी एकटा जाणार.”

नऊ वर्षांपूर्वी स्वारगेटला रिक्षानं उडवलं, तेव्हापासून यांना मी एकटं सोडलेलं नाही. सकाळी सहकाऱ्याच्या हाती द्यायचं, संध्याकाळी पाच वाजता मी बँकेच्या दारात. एक दिवस चुकला नाही.

भांडले. मग परीक्षेत मांडीवरचे हात उचलून परत कळा चाचपणारे हे आठवले, आणि भांडण सोडलं.

धायरी फाट्यावर बसमध्ये चढेपर्यंत मागं उभी होते. दहाला दहा कमी असताना फोन. “पोचलो. ठेव आता, काम आहे.”

संध्याकाळी सव्वापाचपासून स्टॉपवर भाजी घेत होते. सव्वासहाला पांढरी काठी दिसली. हे उतरले, दोन पावलं चालले, माझा आवाज ऐकला आणि म्हणाले, “शालू, एक तास भाजी घेतेस, कोथिंबीर तरी घेतलीस का?”

शुक्रवार, ११ जून

इतकी वर्षं सकाळच्या शाळेत शिकवतेय; आमच्याच संस्थेच्या हडपसरच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेच्या जागेचं पत्र आज चौथ्यांदा आलं. याआधी सहा वर्षांत तीनदा नकार लिहून दिला. दुपारची शाळा, सहाला सुटणार, यांना आणायला कोण जाणार? यांना कधी सांगितलं नाही. इथंही लिहिलं नाही. आज होकाराची सही केली.

जेवताना सांगून टाकलं. हे भाकरी मोडत म्हणाले,

“पहिल्या वेळेपासून माहीत आहे मला. तुमच्या शाळेच्या क्लार्कनं अभिनंदन करायला बँकेत फोन केला होता.”

“मग सहा वर्षं बोलला का नाहीत?”

“तू हो म्हणशील, म्हणून. मग पाच वाजता बँकेच्या दारात कोण आलं असतं?”