सुगनचंदजींची टाच

११ नोव्हेंबर

ही डायरी पाडव्याला सुरू होणार होती. वही आणली, पेन आणला, पेन चालेना म्हणून बदलायला गेल्तो, तर रस्त्यात जेसीबी नाली खोदून राह्यला होता. तो बघण्यात दिवस गेला. मंग भाऊबीज. मंग वही सापडंना. आज बसलोच, कारण आजपासून आपण मेडिकल लाइनमध्ये.

वंदनावहिनीनं, म्हणजे दादाच्या बायकोनं, ओळखीनं चिकटवलं. जालन्यात रुचि मॅडमचं फिजिओथेरपीचं क्लिनिक आहे, तिथं मदतनीस. राहायला दादाकडंच. आबांचा वडीगोद्रीहून फोन आल्ता. म्हणाले, बबलू, हे शेवटचं. इथून पळालास तर एमआयडीसीत लोखंडाच्या भट्टीपुढं उभा करीन, मामाला बोलून ठेवलंय.

अर्धी आयटीआय, पाण्याच्या जारचा टेम्पो, मोबाइलचं दुकान, पुण्यात कुरिअर. आबा याला पळणं म्हणतात. मी याला अनुभव म्हणतो.

संकल्प : दिवाळीपर्यंत (पुढच्या) स्वतःचं क्लिनिक.

१२ नोव्हेंबर

किळस. दुसरा शब्द न्हाई.

मेडिकल लाइन म्हणजे लोकांचे पाय, हे आधी कोणी सांगितलं न्हाई. गुडघे, गुडघ्यावर केस, केसांत कालचा बाम. त्यावर जेली फासायची. गार, पारदर्शक, शेंबडासारखी. मॅडम त्यावर मशीनचं डोकं फिरवतात. पुसायचं काम माझं. दुपारी डबा उघडला तर भेंडी. चिकट. झाकण लावलं.

मशीनचं नाव अल्ट्रासाउंड. नंदाबाई म्हणून पेशंट आहे, गुडघ्याची. तिनं विचारलं, यात माझा मुतखडा दिसंल का? मॅडम म्हणाल्या, मावशी, सोनोग्राफीची मशीन वेगळी. तिथं आवाज आत जातो, परत येतो अन् चित्र दाखवतो. इथं आवाज आत जाऊन ऊब देतो, दिसत काही न्हाई. नंदाबाई म्हणाली, मंग मशीनला टीव्ही कशाला लावलाय?

बराबर विचारलं. आवाज म्हणे, पण ऐकू येत न्हाई. ऊब म्हणे, पण हाताला गार. लोकांना चुना लावून राह्यले. इथंही किळसच.

१४ नोव्हेंबर

मॅडमनी नियम सांगितले. मशीन त्याच चालवणार, पण मला माहीत पाहिजे म्हणाल्या. डोकं एका जागी ठेवायचं न्हाई, गोल गोल फिरतं ठेवायचं. थांबलं की तिथंच तापतं, अन् हाडाला आधी लागतं, वरच्या कातडीला पत्ता नसतो. गरोदर बाईच्या पोटा-कमरेवर लावायचं न्हाई. डोळ्यावर न्हाई. छातीत पेसमेकर असला तर तिथं न्हाई.

अन् लावायच्या आधी पेशंटची जाणीव तपासायची. डोळे मिटायला लावायचे, एक नळी गरम पाण्याची, एक गार पाण्याची, कुठली लागली ते त्यानं सांगायचं. ज्याला कळत न्हाई त्याला मशीन न्हाई. भाजलं तरी तो सांगणार कसा, म्हणाल्या.

हे बाकी सगळं ठीक. पण एका जागी न थांबणं हीच जर या लाइनमधली विद्या असेल, तर मी ती जन्मापासून शिकून राह्यलो. आबांना हे कळायला पाहिजे.

१७ नोव्हेंबर, दुपारी

प्रयोग केला. मॅडम घरी जेवायला गेल्त्या. स्वतःच्या नडगीवर जेली लावली (स्वतःची असून किळस), डोकं ठेवलं, बिलकुल हलवलं न्हाई. काही न्हाई. मशीनवरचा आकडा वाढवला. काही न्हाई. आणखी वाढवला. फसवणूक सिद्ध झाली असं मनात म्हणून राह्यलो, तर हाडाच्या आतून असं काही उठलं की स्टुलावरून खाली. वरून कातडी नुसती गुलाबी.

मॅडमला सांगितलं, गाडीचं स्टँड लागलं. त्या म्हणाल्या, तुझ्याकडं गाडी कुठंय?

विचार केला. मशीनमध्ये दम आहे. मंग मॅडम एवढ्या कमी आकड्यावर का चालवतात? पेशंट जल्दी बरा झाला तर परत कोण येईल! कळला धंदा. शिसारी आली.

२० नोव्हेंबर

नवीन पेशंट. सुगनचंदजी, बियाण्याचे व्यापारी, चार पिढ्या जालन्यात. पायाची टाच दुखते. नातवाचं, नमनचं, लग्न तीस तारखेला, अन् यांना वरातीत घोड्यापुढं पायी चालायचंय. यांच्या वरातीत यांचे आजोबा चालले होते म्हणे. मॅडम म्हणाल्या, गाडीत बसून जा ना बाबूजी. तर म्हणाले, गाडीत सामान जातं, आजोबा न्हाई.

मॅडमनी विचारलं, शुगर? म्हणाले, थोडीशी. चाय फीकी घेतो, जिलेबी घेतली तर घेतो. मॅडम मला म्हणाल्या, शुगर आहे, जाणीव नीट तपास. दोन नळ्या हातात दिल्या अन् फोनवर गेल्या.

मी मोजा काढला. टाच पिवळी, कडक, मधोमध काळी भेग, भेगेत मोज्याचा धागा. त्या टाचेखाली बोटं घालून पाय धरायचा? नळ्या तशाच ट्रेमध्ये ठेवल्या. मॅडम आल्या, म्हणाल्या, झालं? म्हणलं, बराबर आहे, दोन्ही ओळखल्या.

खोटं म्हणता येणार न्हाई. जो माणूस पोत्यात हात घालून किडका दाणा ओळखतो, त्याला गरम-गार कळणार न्हाई का.

२४ नोव्हेंबर

मोठा दिवस!

मॅडम आष्टीला शिबिराला गेल्या. जाताना बजावलं, मशीनला हात लावायचा न्हाई, जो येईल त्याला उद्याची वेळ दे. मी हो म्हणलं, अन् तसंच करणार होतो. पण सुगनचंदजी आले. म्हणाले, बेटा, लगन तोंडावर आलं, मॅडम तर मशीन चिमटी चिमटीनं वाढवते. तूच लाव, अन् जरा बढाव.

माणसाची अडचण मला बघवत न्हाई. दोन दोन ग्लोव्हज घालून लावली. आकडा माझ्या नडगीला लावला होता तोच, पण मी फिरवून राह्यलो होतो, फरक आहे.

मंग खिडकीतून दिसलं. सळ्या भरलेला टेम्पो, मागून एवढा वाकलेला की पुढची चाकं हवेत. ड्रायव्हर आत बसलेला, आकाशाकडं तोंड करून. चार जण पुढच्या बंपरला लटकले. चाकं खाली येईनात. पाचवा चढला, जाडा होता, तेव्हा टेकली. टाळ्या वाजल्या.

हात चालू होता. बहुतेक चालूच होता.

सुगनचंदजी म्हणाले, वा रे डॉक्टर! हाताला यश आहे तुझ्या. एवढं वाढवलं, पण जरा दुखलं न्हाई.

डॉक्टर म्हणाले. आबांना फोन लावला, सांगितलं, मशीन आता मी चालवतो. आबांनी तिकडं टीव्ही बंद केला. मंग म्हणाले, खरं का रे? मंग फोन शेजारच्या भिवाकाकाला दिला अन् मला तेच परत सांगायला लावलं.

२६ नोव्हेंबर

टाचेवर फोड. मोठा, फुटलेला, मोजा चिकटलेला. सुगनचंदजींना दुखतच नव्हतं. संतोषबाई, त्यांच्या मंडळी, त्यांना ओल्या मोज्यावरून कळलं. आल्या त्याच नवऱ्यावर ओरडत, तुम्हाला पाय आहे की लाकूड आहे! वास येऊन राह्यला होता. मी दाराकडं तोंड करून उभा.

मॅडमनी मला काही विचारलं न्हाई. फक्त नळ्या मागितल्या. सुगनचंदजींना डोळे मिटायला लावले. जखमेपासून लांब गरम लावली. मंग गार लावली. मंग परत गरम. सुगनचंदजी डोळे मिटून शांत बसलेले, तोंडावर हसू. म्हणाले, मॅडम, आता सुरू करा ना.

मॅडमनी नळ्या खाली ठेवल्या. संतोषबाईंनी तोंडाला पदर लावला.

मी म्हणलं, त्या दिवशी तर दोन्ही ओळखल्या होत्या. सुगनचंदजींनी डोळे उघडले. म्हणाले, कोणत्या दिवशी?

२७ नोव्हेंबर

काढलं असं न्हाई. मी सोडणारच होतो, मॅडमनी आधी सांगितलं एवढंच.

सुगनचंदजींना दाखवलं ते सर्जन म्हणाले, टाच जमिनीला टेकवायची न्हाई, शुगरवाल्याची जखम आहे, भरायला महिने लागतील, सांभाळलं न्हाई तर पायावर बेतंल. मॅडमनी सुगनचंदजींच्या घरी जाऊन हात जोडले. म्हणाल्या, तपासणी मी स्वतः करायला पाहिजे होती, चूक माझी. हे मला आवडलं न्हाई. माणसानं असं लगेच कबूल होऊ नये, बाकीच्यांची पंचाईत होते.

वहिनी ताट आपटते. फक्त एकदा म्हणाली, मी तुमच्यासाठी शब्द टाकला होता, भाऊजी. दादा म्हणाला, आबांना तू सांगतो का मी सांगू? म्हणलं, मी.

शांतपणे विचार केला तर दोष मशीनचा आहे. थांबली की स्वतः बंद होत न्हाई, ही कसली मशीन?

२८ नोव्हेंबर, वडीगोद्री

आबांना सांगितलं, सुट्टी आहे. आहेच.

आबांनी हायवेवरच्या हॉटेलात सगळ्यांना सांगून ठेवलंय. सकाळपासून अंगणात लोक पाय घेऊन बसलेत. म्हणलं, मशीन जालन्याला आहे. शिवकन्याआत्या म्हणाली, नसू दे मशीन, तुझा हात तरी लाव, यश आहे म्हणे. लावला. भेगा, चिखल, एकीच्या टाचेला हळद-तेल. तीनदा साबणानं हात धुतले, तरी जेवताना तोच वास.

सगळे गेल्यावर आबांनी धोतर वर केलं अन् स्वतःचा गुडघा पुढं केला. म्हणाले, माझाही बघ की. आबांनी आजवर मला कशाला हात लावू दिला न्हाई, ट्रॅक्टरलासुद्धा. मी गुडघा दाबून राह्यलो. ते माझ्याकडं बघून राह्यले होते. त्या नजरेची सवय न्हाई.

सांगणार होतो. जेवण झाल्यावर. पण ते हसत झोपले.

२९ नोव्हेंबर, सकाळी

आज सांगणारच. वाक्य जुळवून राह्यलो. 'आबा, मशीनमध्ये बिघाड झाल्ता' हे खोडलं. 'आबा, पेशंटनं शुगर लपवली' हे खोडलं. 'आबा, मी' इथपर्यंत आलो.

दारात गाडी थांबली. आबा बाहेरून ओरडले, डॉक्टर, बाहेर या, जालन्याचा पेशंट आलाय तुमचा!

खिडकीतून बघितलं. सुगनचंदजी. एका पायाला गुडघ्यापर्यंत पांढरं गुंडाळलेलं. ड्रायव्हर डिकीतून चाकांची खुर्ची काढून राह्यलाय.

आबा विचारून राह्यले, सेठ, पायाला काय झालं? सुगनचंदजी म्हणाले, ते तुमच्या डॉक्टरला विचारा. मी त्याला न्यायला आलोय. उद्या नातवाची वरात आहे. पाय यानं घालवला, खुर्ची हाच ढकलंल.

आबांच्या चपला दाराशी वाजल्या.