ड्रॅगनला चाळिशी लागते तेव्हा

ती. आत्या,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, दुकानात भिंगांचा पसारा पडलाय, खरोखर आडवा झालो तर कुणाचा तरी नंबर फुटेल). आतोबांचा गुडघा आता जिना चढू देतो का? नसेल देत तर त्यांना म्हणावं, बसा खालीच निवांत, आत्या वरून बोलते ते खालीही व्यवस्थित ऐकू येतं. तुझ्या तब्येतीची चौकशी करत नाही. परवा फोनवर ज्या दमात मला "आरंभशूर" म्हणालीस, त्यावरून ती ठणठणीत आहे हे कळलं.

तू पाठवलेला पुस्तकांचा खोका पोचला आणि मी त्यात बुडालो. सातही खंड संपवले, बरं का! ड्रॅगन काय, बोलणारी झाडं काय, दर दोन पानांनी शपथा घेणारे राजपुत्र काय. सुरुवातीचा नकाशा बघता बघता माझं जेवण गार व्हायचं, आणि बायको म्हणायची, तुम्ही घरात असता पण सापडत नाही. पण आत्या, एक धंद्यातली शंका विचारतो. त्या अख्ख्या राज्यात एकालाही चष्मा कसा नाही गं? नऊशे वर्षांचा जादूगार मेणबत्तीच्या उजेडात मुंगीएवढी अक्षरं घडाघडा वाचतो! आमच्याकडे पंचेचाळिशीचा गडी औषधाच्या बाटलीवरचं वाचायला हात लांब करता करता भिंतीला टेकतो. मला हे सहन होईना. म्हटलं, आपणच लिहू. एक म्हातारा ड्रॅगन, त्याला जवळचं दिसेनासं झालंय, त्यामुळे समोर येईल त्याला तो शत्रू समजून जाळतो (यात त्याचा वैद्यही गेला). शेवटी एक चष्मेवाली पोरगी पाठीवर गाडीच्या चाकांएवढ्या दोन काचा बांधून डोंगर चढते.

कल्पना झकास, पण लिहायला बसायचं कुणी? रोज सकाळी चहाआधी एक पान, असा नेम केला. पहिल्या दिवशी पेन्सिलीला टोक काढलं. दुसऱ्या दिवशी टेबल डुगडुगतं असं लक्षात आलं, म्हणून पायाखाली घडी घालायला कागद शोधला आणि हाताशी आला तो कालचा, टोक करून बघायला दोन रेघा मारलेला. म्हणजे माझं साहित्य टेबलाखाली गेलं. मी लिहायला बसलो की घरातला नळ गळायला लागतो, कपाटाचं दार कुरकुरतं आणि मला अचानक आतोबांच्या गुडघ्याची काळजी वाटू लागते. नमनालाच घडाभर तेल!

तेवढ्यात दुकानातल्या जवळचं वाचायच्या कार्डावर चहा सांडला. (तू बघितलंयस ते. वर ठळक अक्षर, खाली येता येता बारीक होत जातं, शेवटची ओळ वाचता आली की नंबर बरोबर.) मालक म्हणाले, काहीतरी टाइप करून आण. मी माझ्या गोष्टीची सुरुवात टाइप करून आणली, आणि उत्कंठेची जागा नेमकी शेवटच्या ओळीत टाकली. झालं! गिऱ्हाईक म्हणू लागलं, अहो, अजून एक काच लावून बघा ना, ती पोचली का वर? ज्यांचे डोळे घारीसारखे आहेत तेसुद्धा "जरा तपासून घ्यावं म्हटलं" असं म्हणत येऊन बसायला लागले. मी हवेत होतो. मग आला बेकरीवाला. त्याने शेवटची ओळ अशी खणखणीत म्हटली की मी खूश होऊन त्याला बिनदिक्कत हलका नंबर दिला. शेजाऱ्याकडून ऐकून त्याची ती तोंडपाठ होती, हे मला काय ठाऊक! दुसऱ्या दिवशी त्याच्या प्रत्येक केकमध्ये साखरेच्या जागी मीठ. मालकांनी मला समोर बसवून एक अख्खा तुकडा खायला लावला आणि हुकूम सोडला: दर सोमवारी नवं कार्ड, नाहीतर तू आणि तुझा ड्रॅगन दोघेही बाहेर. आत्या, लिहिण्याची सवय लागते ती अशी.

आता खरी अडचण. समोरच्या इमारतीत निवृत्त हेडबाई राहतात. त्यांचा मोतीबिंदू चांगलाच पिकलाय, डॉक्टर म्हणतात आणखी लांबवलंत तर अवघड होईल. आणि बाई अडून बसल्या: गोष्ट संपल्याशिवाय ऑपरेशन नाही! त्यांची मुलगी दुकानात येऊन माझ्यावर अशी कडाडली की मांडलेल्या फ्रेमासुद्धा मान खाली घालून उभ्या राहिल्यासारख्या वाटल्या. मागोमाग बाई स्वतः आल्या. पोरीने ड्रॅगनच्या नाकावर चष्मा चढवलाय, इथवर गोष्ट आली होती. बाई म्हणाल्या, "त्याला पहिल्यांदा नीट काय दिसतं, ते आधी सांग." आवाज शाळेतलाच होता, पण हात पर्सचा पट्टा पिळत होते. बाई घाबरल्या होत्या गं. मी ठोकून दिलं, शेवट छापून तयार आहे, पण इतका बारीक की ऑपरेशन झाल्यावरच दिसेल. "लबाड आहेस," म्हणाल्या, आणि गेल्या ऑपरेशनला! सगळं सुरळीत पार पडलं. त्या आनंदात मालकांनी सगळ्यांना चहा पाजला (कार्डापासून लांब).

आतोबांना नमस्कार, तुला त्याहून मोठा.

तुझा भाचा

ता. क. शेवट लिहिलेला नाही. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कार्डाच्या शेवटच्या ओळीत मी बारीक बारीक ठिपके छापलेत. बाई शनिवारी भिंग घेऊन येणार आहेत. तू सात खंड पचवलेली बाई. एका ओळीचा शेवट ताबडतोब पाठव, तुझ्या पाया पडतो.

ता. क. २. पत्र टाकायचं राहिलं आणि शनिवार उजाडला. बाई आल्या. दुकान भरलेलं. त्यांनी कार्ड घेतलं, भिंग धरलं, ठिपक्यांवरून सावकाश फिरवलं. माझी पाचावर धारण बसली. मग त्यांनी मान वर करून शेजारी पिशव्या सांभाळत उभ्या असलेल्या आपल्या मुलीकडे बराच वेळ बघितलं, आणि ठिपक्यांवर बोट ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचलं: "ड्रॅगन पोरीला म्हणाला, अगं, किती दमलीस तू! बस जरा." बेकरीवाल्याने चक्क डोळे पुसले. बाईंनी कार्ड परत देताना माझा कान धरला आणि हळूच म्हणाल्या, पुढच्या वेळी अक्षरं घाल.

ता. क. ३. तेव्हा शेवट नको. सोमवारसाठी सुरुवात पाठव.