तिसरा फॉर्म

प्रिय ठमे,

पाकिटावरचं अक्षर बघून कपाळाला आठ्या घातल्या असशील. घाल. शाळेत जायला लागल्यापासून तू माझ्या अक्षराला ‘सरकारी मुंग्या’ म्हणत आलीस आणि मुंग्यांनी कधी वाईट वाटून घेतलं नाही. माझी तब्येत बरी आहे. डावा गुडघा जिना चढताना कुरकुरतो, उतरताना गप्प असतो, तेव्हा तोही ऑफिसातल्या लोकांसारखाच आहे म्हणायचं. तुझी खोली तशीच आहे. अगदी तशी नाही, खिडकीशी मी शिवणयंत्र आणून ठेवलं आहे, पण तुझ्या टेबलाला हात लावलेला नाही. तू केलेलं पहिलं चंचुपात्र, ज्याची चोच वाकडी झाली होती, त्यात मी पेन्सिली ठेवते. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून हल्ली रेडिओवर बातम्या देणाऱ्या बाईंशी बोलते. त्या टक्केवारी सांगतात आणि कशाच्या किती टक्के ते सांगत नाहीत, तेव्हा तर चांगलीच भांडते. तू शेवटचा फोन केलास त्याला दीड वर्ष झालं. तेव्हाही ‘बरी आहे’ एवढंच म्हणालीस, आणि मीही वेड्यासारखी ‘बरं’ म्हणाले.

बातमी म्हणशील तर एकच. पुढच्या महिनाअखेर मी निवृत्त होते आहे. एकतीस वर्षं एकाच टेबलाशी काढली. खुर्ची दोनदा बदलली, साहेब नऊ वेळा. लहानपणी तू सगळ्यांना सांगत सुटायचीस, माझी आई दुकानं मोजते. दुकानं मोजणारे दुसरे, ठमे, मी टिकलेली मोजायची. धंदा नोंदल्याच्या पाचव्या वर्षी आमच्याकडून त्याला फॉर्म जातो आणि त्यातला पहिला प्रश्न असतो, व्यवसाय चालू आहे का? उत्तर आलं नाही तर दुसरा फॉर्म, मग तिसरा. तिसऱ्यालाही उत्तर नाही, तर महिनाभर थांबून यादीत त्या नावापुढे तांबड्या पेन्सिलीने ‘बंद’ लिहायचं. याशिवाय एक नियम आहे. तो कुठे छापलेला नाही, पण नव्या येणाऱ्या प्रत्येकाला मीच शिकवला. घरी कळलेलं ऑफिसात लिहायचं नाही. फॉर्मवर आलं तेवढंच खरं. नाहीतर जो तो आपल्या मेव्हण्याचं बुडालेलं दुकान जिवंत करत बसेल. या नियमाचा मला केवढा अभिमान होता!

सात वर्षांपूर्वी वरून एक नवा तक्ता मागवला गेला. विद्यापीठातल्या कुठल्या विभागातून शिकून गेलेल्यांचे धंदे पाच वर्षं टिकले, ते विभागवार हवं होतं. निम्म्याहून कमी टिकले असतील तर त्या विभागाचं अनुदान बंद होणार, हे मला ठाऊक होतं. सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. तू तेव्हा शिकत होतीस त्या काचकाम विभागाची तेवीस नावं माझ्याच यादीत आली. त्यातल्या चौदा जणांची पाकिटं तिन्ही वेळा परत आली, वर पोस्टाचा शिक्का, ‘पत्ता सोडून गेले’. आता काच तापवणारा माणूस पत्ता का सोडतो, हे तुझ्यासारख्या मुलीच्या आईला कळायला नको? त्याच सुमारास वस्तीत भट्टी ठेवायला मनाई झाली होती आणि सगळे भट्ट्या उचलून गावाबाहेर गेले होते. पण परत आलेलं पाकीट आणि न आलेलं उत्तर यांना आमच्याकडे एकच खूण होती. मी चौदा वेळा ‘बंद’ लिहिलं. तेवीसात नऊ उरले.

त्या चौदांत भट्टीवाले काका होते.

चाळिशीत तुमच्याच विभागातून शिकून गेलेले, म्हणून तुम्हा मुलांचे काका. तू दर रविवारी त्यांच्याकडे शिकायला जायचीस. ज्या सोमवारी मी त्यांच्या नावापुढे तांबडी पेन्सिल चालवली, त्याच्या आदल्या दिवशी तू त्यांच्याकडेच अंगठा भाजून घेऊन आली होतीस. मीच मलम लावलं. तू हसत सांगत होतीस की काकांकडे प्रयोगशाळांची एवढी कामं पडली आहेत की त्यांना जेवायला फुरसत नाही, आणि मी म्हटलं, हात हलवू नकोस. सगळं ऐकलं होतं मी. दुसऱ्या दिवशी त्यांचं नाव वाचलं, पेन्सिल थांबली, आणि मग मला माझा नियम आठवला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

पुढचं तुला माहीत आहे. विभागाला कुलूप लागलं, दुसऱ्या वर्षाच्या तुम्हा अकरा मुलांना व्यवस्थापनाच्या वर्गात बसा म्हणून सांगितलं. तू नाव काढून घेतलंस. त्या संध्याकाळी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून तू मला विचारलंस, तुझ्या तक्त्यात काका होते का? मी म्हटलं, तक्त्यात नावं नसतात. खोटं नव्हतं ते. तक्त्यात नावं नसतातच, ती यादीत असतात, आणि यादी माझ्याकडे होती. तू बॅग भरायला गेलीस. मी तुझे धुतलेले कपडे घडी करून दिले. थांब म्हणायला हवं होतं. चुकलं म्हणायला हवं होतं. मी काय म्हटलं, तर टॉवेल विसरू नकोस.

जानेवारीपासून टेबल आवरायला घेतलं, तेव्हा कपाटाच्या तळाशी ती चौदा पाकिटं सापडली. पुराव्याची पाकिटं जपून ठेवायची माझी सवय. मग प्रत्येक रविवारी एक-दोन पत्ते शोधत निघाले. या वयात, या गुडघ्यानिशी. एका ठिकाणी कुत्रं मागे लागलं, एका ठिकाणी मला औषध कंपनीची विक्रेती समजून हाकलून दिलं. चौदातले अकरा चालू आहेत, ठमे. दोन खरंच बंद पडले आणि एक गृहस्थ वारले, पण तेही माझ्या तक्त्यानंतर चार वर्षांनी. त्या वेळी तेवीसात किमान एकवीस टिकले होते. हे सगळं मी व्यवस्थित लिहून, खाली सही करून साहेबांसमोर ठेवलं. घरी कळलेलं कसं दाबलं, तेही त्यात लिहिलं. साहेब भला माणूस आहे. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, बैल गेला अन् झोपा केला, बाई, आता जाता जाता कशाला हे? मी म्हटलं, झोपा तर झोपा, आवक क्रमांक टाका. शेवटी टाकला त्यांनी. विभाग काही त्याने उघडत नाही, हे मलाही कळतं.

काकांकडे गेले होते, तेव्हा त्यांनी मला ओळखलं. चहा दिला. तक्त्याचं सांगितलं तर म्हणाले, अहो, मला बंद केलंत तरी मी काही थांबलो नाही ना. तू दोन वर्षं त्यांच्याकडे काम केलंस आणि मग स्वतःचं काढलंस, हे त्यांच्याकडून कळलं. पत्ता मागायची हिंमत झाली नाही. पण पत्ता मला दुसरीकडून मिळालाच. यंदाच्या पाचव्या वर्षाच्या यादीत, पान सत्तावीस, ओळ अकरा. प्रयोगशाळेसाठी काचसामान, मालक एक, नोकर नाही. मालकाचं नाव वाचून मी उठले आणि नळाशी जाऊन पाणी प्यायले.

पहिला फॉर्म तुला गेला, उत्तर नाही. दुसरा गेला, उत्तर नाही. दोन्ही पाकिटं परत मात्र आली नाहीत, म्हणजे कुणीतरी ती घेतं आहे, एवढ्या एका गोष्टीवर मी दोन महिने काढले. गेल्या गुरुवारी राहवेना, म्हणून रजा टाकून गाडी पकडली. तुझा रस्ता सापडला. एका बाजूला सायकलवाला, एका बाजूला छापखाना, आणि मधे तुझं शटर. खाली ओढलेलं. गुरुवारी तुझी सुट्टी असते की कायमचंच ओढलं आहे, ते काही कळेना. सायकलवाल्याला विचारायचं, बस, दोन शब्दांचं काम. एकतीस वर्षं लोकांना हेच विचारत आले, पण तिथे तोंड उघडेना. समोरच्या पायरीवर तासभर बसले आणि परत आले.

या पाकिटात तिसरा फॉर्म आहे. तिकीट माझं आहे, सरकारचं नाही, तेव्हा त्यावरून चिडवू नकोस. पुढच्या महिन्याच्या तीस तारखेपर्यंत उत्तर आलं नाही तर ओळ अकरापुढे ‘बंद’ लिहायचं, आणि ते माझं या टेबलावरचं शेवटचं काम असेल. मला ते लिहिता येणार नाही. खोटं ‘चालू’ही लिहिणार नाही, तेवढी तू मला ओळखतेस. तू फक्त पहिल्या प्रश्नापुढे खूण कर. नफा, नोकर, वीज, बाकीचं सगळं कोरं सोड, नियमात बसतं. ‘हो’वर खूण केलीस तर एक तारखेला मी मोकळी आहे, भेटायला येईन. ‘नाही’वर केलीस तर त्याच दिवशी निघेन. आणि माझ्या हातचं काही नको असेल, तर तसं शेऱ्याच्या रकान्यात लिही, मी समजेन. पण लिही. तुझ्याकडून काहीच आलं नाही म्हणून मी तुला यादीतून उडवलं, असं पुन्हा माझ्या हातून व्हायला नको.

तुझीच,
पत्ता न बदललेली,
आई